भाकरीच्या आधी लोक विचारत होते, आमची माणसं कुठं नेली?

संपादक साहेब,
नमस्कार.

३० सप्टेंबर जवळ आला की तुमच्या पेपरात दरवर्षी किल्लारीच्या भूकंपावर एक पान असतं. पडलेल्या घरांचे तेच जुने फोटो, फुलं वाहणारे पुढारी आणि आठवणीनं आजही अंगावर काटा वगैरे हेडिंग. काटा येतो हे खरंय, आमच्याकडं रात्री पत्र्यावर मांजरानं उडी मारली तरी आई अजून उठून बसते. पण त्या पानात एक गोष्ट कधीच येत नाही म्हणून हे पत्र लिहायलोय. लांबणार आहे हे आधीच सांगतो, जागा नसेल तर कापा, फक्त आत्याचा भाग कापू नका.

भूकंपानंतर लोकांना अन्न, पाणी, तंबू, औषध लागतं हे सगळ्यांना कळतं आणि त्याचे ट्रक येतातच, आमच्याकडं तर इतके आले की जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले होते. पण नेमकं काय झालंय, आपली माणसं कुठं नेलीत, घरात जायचं का नाही, पुन्हा बसणार का, पंचनाम्याला कोण येणार, नाव कुठं लिहायचं, हे सांगायला कोण येतं? आणि आलंच तर आपलं ऐकून घेतं का, का नुसतं सांगून जीपमध्ये बसून निघून जातं?

हे परत डोक्यात यायला कारण हिंगोली. माझी धाकटी बहीण तिकडं वसमत तालुक्यात दिलीय. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमाराला तिकडं ४.५ चा धक्का बसला, नांदेड परभणीपर्यंत जाणवला. त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी सहा वाजून गेल्यावर दहा-बारा मिनिटांच्या आत दोन बसले होते. पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून आवाज येतात हे तर कित्येक वर्षं चालूय, तिकडच्या लोकांना त्याची सवय झालीय म्हणतात पण आवाजाची सवय होते, भीतीची कुठं होते. तर बहिणीचा फोन आला, "दादा घरात जावं का भायेर बसावं?" आता मी काय सांगणार, माझं उमरग्यात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, मी काय भूगर्भशास्त्रज्ञ आहे का. पण तिला विचारायला दुसरं कोणी नव्हतं. सरपंचाला विचारलं तर तो म्हणे मलाच कोणी काही कळवलं नाही. दुपारपर्यंत तिच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज आला की आज रात्री दोन वाजता मोठा धक्का बसणार आहे, नासानं सांगितलंय. मी तिला दहा वेळा सांगितलं की बाई नासा असलं काही सांगत नाही, कोणीच सांगू शकत नाही. ती म्हणाली बरं. आणि लेकरांना घेऊन त्या पावसात रात्रभर अंगणात ताडपत्रीखाली बसली, तिच्यासोबत सगळी गल्ली.

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही बसलो असतो कारण १९९३ ला आम्ही असंच बसलो होतो.

तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, सगळी थकून झोपलेली, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ते झालं. ६.२ चा भूकंप, ५२ गावं जमीनदोस्त, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, हे आकडे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण त्या पहाटे आम्हाला आकडा सोडाच, भूकंप हा शब्दसुद्धा माहिती नव्हता म्हटलं तरी चालेल. आमच्या घराची मागची भिंत बसली, वरचं मातीचं माळवद निम्मं खाली आलं, आजीचा पाय गेला, आणि सगळ्यांना वाटलं की हे फक्त आमच्याच गावात झालंय. कोणी म्हणालं विहीर खचली, कोणी म्हणालं कुठंतरी दारूगोळा फुटला, एक म्हातारा तर जग बुडालं म्हणून देवळापुढं बसून राहिला. उजाडल्यावर दुधाची गाडी रिकामीच परत आली आणि त्या ड्रायव्हरनं सांगितलं की अरे पुढं गावंच राहिली नाहीत. तीन-चार तास आमच्या गावाला शेजारच्या गावाचं काय झालं याचा पत्ता नव्हता, शेजारच्यांना आमचा नव्हता. फोन अख्ख्या गावात एक, तोही बंद. शेतात राहणाऱ्या एकाकडं ट्रान्झिस्टर होता, त्याच्याभोवती पन्नास माणसं उभी. वडील सांगायचे की रेडिओवर किल्लारीचं नाव आलं की लोक एकमेकांकडं बघायचे, आमच्या बाजूच्या गावांची नावं कधी येतायत म्हणून. ज्याचं नाव येतं तिकडंच गाड्या जातात हे तेव्हाच सगळ्यांना कळून चुकलं होतं. अजूनही बघा, किल्लारी महाराष्ट्राला माहितीय. सास्तूर, होळी, पेठसांगवी ही नावं आमच्या भागाच्या बाहेर किती जणांना सांगता येतील?

आता आत्याचं.

आत्या त्या ५२ पैकी एका गावात दिलेली. वडील सायकल घेऊन निघाले, तोवर पाऊस सुरू झालेला, आणि रस्त्यावर ही गर्दी. मदत करणाऱ्यांची होती तशी नुसतं बघायला आलेल्यांचीही होती, लातूर सोलापूरकडून गाड्या भरभरून, पोलिसांना त्यांना आवरणं हेच एक काम होऊन बसलं. गावात पोचले तर घराच्या जागी दगडाचा ढिगारा. कोणी म्हणालं तुमच्या बहिणीला काढलं, जिवंत होती, गाडीत घालून नेलं. कुठं नेलं? माहिती नाही. मिल्ट्रीची गाडी होती का साधा टेम्पो? माहिती नाही. कोणी म्हणालं उमरगा, कोणी म्हणालं लातूर, कोणी सोलापूर. मामांना (आत्याच्या नवऱ्याला) तिथंच अग्नी दिला होता म्हणे, त्या दिवसांत कुणाला कुणाचं नाव विचारायला वेळ नव्हता, लाकडं पुरत नव्हती, एका चितेवर किती जण याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

वडील नऊ दिवस फिरले. उमरगा, लातूर, परत उमरगा, मग सोलापूर. प्रत्येक दवाखान्याच्या बाहेर शेकडो माणसं उभी असायची आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, अमुक गावचं अमुक माणूस इथं आहे का. काही ठिकाणी कागदावर नावं लिहून भिंतीला चिकटवलेली, पावसानं शाई उतरलेली. काही ठिकाणी यादीच नाही, वॉर्डात घुसून एकेका खाटेवर वाकून बघायचं. वडील सांगायचे की बाहेर कोणीतरी पुरी-भाजी वाटत असायचं, लोक पुडा हातात घ्यायचे आणि न खाता त्याच माणसाला विचारायचे, तुम्ही किल्लारीकडून आलात का, तिकडच्या जखमींना कुठं ठेवलंय. सोलापूरच्या एका दवाखान्याची यादी वडिलांनी दोनदा वाचून घेतली (ते स्वतः दुसरी शिकलेले), बहिणीचं नाव नव्हतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिथं झाडू मारणाऱ्या एका बाईनं विचारलं, भाऊ तुमचं आडनाव काय. सांगितलं. ती म्हणाली या आडनावाची एक बाई आहे की वर. झालं असं होतं की आत्या शुद्धीवर आली तेव्हा तिला नाव विचारलं, आणि तिनं माहेरचं नाव सांगितलं, माहेरचं गाव सांगितलं. का सांगितलं ते तिलाही माहिती नाही. यादीत ती नऊ दिवस माहेरच्या नावानं होती आणि आम्ही तिला सासरच्या नावानं शोधत होतो.

मी डॉक्टर-नर्सला दोष देत नाही, ती माणसं दिवसरात्र उभी होती. पण मला सांगा, यादीत माहेर-सासर दोन्ही लिहायला, ती यादी दवाखान्यात न ठेवता गावोगाव पाठवायला, आणि रोज कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायला किती खर्च आला असता? ज्याला वाचता येतं त्याच्यासाठीच यादी असते असं आपल्याकडं धरून चालतात. आजही एखादा अपघात झाला की मी टीव्हीवर बघतो, दवाखान्याच्या दारात तीच गर्दी, तोच प्रश्न.

मग शेडातले दिवस. पत्र्याच्या शेडात उन्हाळा कसा जातो हे ज्यानं काढलाय त्यालाच विचारा. पण आत्या म्हणते उन्हापेक्षा जास्त त्रास एकाच गोष्टीचा झाला, काही कळायचं नाही. गाव हलवणार, कुठं हलवणार? आमची शेतं किती लांब पडणार? घर कोण बांधणार, सरकार का कुठली संस्था? घराचं माप जमिनीवर ठरलं होतं, भूमिहीन आणि एक हेक्टरच्या आतल्याला २५० चौरस फूट, त्याच्या वर सात हेक्टरपर्यंत ४००, सातच्या पुढं ७५०. नियम म्हणून साधा आहे. पण तो लोकांपर्यंत पोचता पोचता त्याचे इतके तुकडे झाले की कोणी म्हणायचं माणशी घर मिळणार, कोणी म्हणायचं सातबारा वेगळा केला तरच मिळणार, आणि मग तलाठ्याच्या दारात रांगा, भावाभावांत भांडणं, दोन घरांत तर त्यावरून कायमचं बोलणं बंद. अफवा उठवणारा कोणी बदमाश असतो असं आपल्याला वाटतं, पण शेडातल्या अफवा कोणी उठवल्या नव्हत्या, लोकांना जेवढं कानावर आलं तेवढ्यावर त्यांनी आपापल्या परीनं अंदाज बांधले एवढंच.

आमचं गाव त्या ५२ मध्ये नव्हतं, आमची घरं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या यादीत आली. वर्ल्ड बँकेच्या पैशातून तो मोठा कार्यक्रम झाला, पैसे हप्त्यानं, एक टप्पा पूर्ण झाला की इंजिनियर येऊन बघणार मग पुढचा हप्ता. आता यातला एकही शब्द आमच्या गावाला धड कळलेला नव्हता. अंशतः बाधित, पूर्णतः बाधित, अनुज्ञेय रक्कम, असले शब्द. आमच्या शेजारच्या काकूला अंशतः म्हणजे काही मिळणार नाही असं वाटलं होतं, ती महिनाभर रडत होती.

आणि इथं एक चांगली गोष्ट झाली जी तुमच्या त्या पानात येत नाही. स्वयम् शिक्षण प्रयोग नावाची संस्था, प्रेमा गोपालन त्यात होत्या, त्यांनी सरकारसोबत मिळून गावोगावच्या महिला मंडळातल्या बायकांना संवाद सहाय्यक म्हणून उभं केलं. सरकारचं गावाला सांगायचं आणि गावाचं सरकारला सांगायचं हे त्यांचं काम. आमच्या गावात त्यातली एक माझी आई होती, चौथी पास. सुरुवातीला गावानं हसून घेतलं, बायका काय इंजिनियरशी बोलणार म्हणून. वडिलांनाही फारसं आवडलं नव्हतं हे खरं ते लिहितो. पण सहा महिन्यांत अशी वेळ आली की सरपंच आईला विचारायला यायचा, दुसरा हप्ता कधीय वहिनी.

आईनं एक वही केली होती, दोनशे पानी, निळ्या कव्हरची. डाव्या पानावर लोकांचे प्रश्न, उजव्या पानावर उत्तर, उत्तर कोणी दिलं त्याचं नाव आणि तारीख. ती वही अजून आहे. त्यातले प्रश्न वाचले की कळतं लोकांना काय हवं असतं. "सिमेंट ओलं आलं ते परत घेणार का." "नवरा मुंबईला आहे, सही माझी चालेल का." "माझं नाव यादीत दोनदा आलं, कमी करा." (हे वाचून मला अजून हसू येतं, असा प्रामाणिक माणूस आता सापडायचा नाही.) "रात्री आवाज येतो तो भूकंपाचा का गाडीचा." "दगडाचं घर पुन्हा बांधलं तर पाप लागेल का." उत्तर लगेच मिळायचं असं नाही, काही उजवी पानं महिना-महिना कोरी राहायची. पण आई दर सोमवारी मारुतीच्या पारावर बसायची आणि कोऱ्या पानाचंही सांगायची, तुमचा प्रश्न साहेबाला सांगितलाय, अजून उत्तर आलं नाही, पुढच्या सोमवारी विचारा. लोक त्यावरही शांत व्हायचे. आपलं कुठंतरी लिहून ठेवलंय आणि विसरलेलं नाही एवढं कळलं तरी माणसाला झोप येते.

तो दगडाचा प्रश्न फार मोठा होता हो. माणसं मेली ती जाड दगडी भिंतींखाली आणि वरच्या मातीच्या माळवदाखाली, त्यामुळं लोकांनी दगडाचाच धसका घेतला, चांगली उभी राहिलेली घरंही पाडायला निघाले. इंजिनियर सांगत होते की दगड वाईट नाही, भिंत बांधायची पद्धत वाईट होती. आमच्याकडच्या भिंती म्हणजे बाहेरची एक पाळी, आतली एक पाळी आणि मधे माती-खडी कोंबलेली, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. जमीन हलली की दोन्ही फुगून सुटतात आणि वरचं सगळं खाली. त्यावर उपाय म्हणजे भिंतीतून आरपार जाणारे दगड घालायचे, त्याला ते थ्रू स्टोन म्हणायचे, दारा-खिडकीच्या वरून चारी भिंतींना एक पट्टा फिरवायचा आणि माळवदावरची माती कमी करायची. हे इंजिनियरनं तीनदा सांगितलं, गावाच्या डोक्यावरून गेलं. आईनं बायकांना सांगितलं की अगं गोधडीला टाके घातले नाहीत तर काय होतं, आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होतात आणि वरचं कापड सुटतं, तसंच हाय हे, तो दगड म्हणजे टाका. बस्स. त्या दिवसानंतर आमच्या गावात थ्रू स्टोनला टाकाच म्हणायला लागले, गवंडीसुद्धा. तरी सगळ्यांनी ऐकलं असं नाही, बऱ्याच जणांनी तो पैसा जुन्या भिंतीवर न घालता शेजारी एक नवीन खोली बांधली आणि जुन्या घरात ज्वारी भरली. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही.

याच लातूर उस्मानाबादच्या बायका पुढं २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये गेल्या तिथल्या बायकांशी बोलायला, भाषा वेगळी तरी. आमच्या गावच्या आईच्या मैत्रिणी अजून त्याच्या गप्पा मारतात, बाजरीच्या भाकरीपासून सुरू होऊन बिल पास करणाऱ्या साहेबापर्यंत.

अजून एक गोष्ट जी मला खटकते. किल्लारीला धक्के १९९२ पासून बसत होते, ऑगस्टपासून, ऑक्टोबरमध्ये तर चांगलेच. लोक तेव्हा घाबरून बाहेर झोपत होते, सांगत होते, आवाज येतोय, भिंतीला तडे जातायत. पण नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता, मग कोण घाबरणार. हळूहळू लोक घरात झोपायला लागले. पुढं झोनचा नकाशाच बदलला, २००२ मध्ये आम्हाला तीनमध्ये टाकलं. मी असं म्हणत नाही की त्या धक्क्यांवरून मोठ्याची तारीख सांगता आली असती, तसं कुठंच सांगता येत नाही. पण घरातली माती कमी करा, खाट जाड भिंतीपासून लांब ठेवा, मुलांना दाराजवळ झोपवा, एवढं तरी कोणी येऊन सांगायला काय हरकत होती? गावानं माहिती दिली होती, घेणारं कोणी नव्हतं. तेव्हाच नाही, नंतरही बघा. पालघर जिल्ह्यात डहाणू तलासरीकडं नोव्हेंबर २०१८ पासून असेच धक्के सुरू झाले, धुंदलवाडीच्या आसपास, लोक थंडीत बाहेर झोपायला लागले. त्यांनाही सगळ्यात आधी तोच प्रश्न पडला असणार जो माझ्या बहिणीला पडला.

आता लोक म्हणतील की तो काळ वेगळा होता, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. तर माझा धंदाच मोबाईलचा आहे म्हणून सांगतो, त्यावर फार भरवसा ठेवू नका. टॉवर लाइटवर चालतो, लाइट गेली की बॅटरी, ती काही तास, मग डिझेल असेल तर जनरेटर. आणि टॉवर उभा असला तरी सगळे एकदम फोन लावतात म्हणून लाइन मिळत नाही. अशा वेळी फोन लावत बसण्यापेक्षा साधा एसएमएस टाका, तो थांबून थांबून का होईना जातो, "आम्ही ठीक, शाळेत आहोत" एवढं पुरे. हे माझ्या गिऱ्हाइकांपैकी दहातल्या आठांना माहिती नसतं. सरकारनं २०२३ मध्ये ते मोठ्यानं बीप वाजणारे अलर्ट टेस्ट केले तुम्हाला आठवत असेल, माझ्या दुकानात एकदम वीस फोन वाजले आणि एका म्हातारीनं फोन हातातून टाकूनच दिला. ती पद्धत खरं तर चांगली आहे, टॉवर एकाच वेळी सगळ्यांना पाठवतो त्यामुळं लाइन जाम असली तरी मेसेज येतो. पण ती एका बाजूची आहे. ते वाजल्यावर माणसाला जे विचारायचंय ते विचारायला त्यात जागा नाही. आणि त्याची भाषा! आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाद्वारे जारी वगैरे. तांड्यावरच्या बंजारा आजीला ते कोण समजावणार, तिच्या गोरमाटी बोलीत कधी कुठला अलर्ट आलाय? आमच्या सीमेवरच्या गावांत तर कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी घरं आहेत.

रेडिओ लोकांनी भंगारात घातले. आधी साध्या फोनमध्ये एफएम असायचं, वायर लावली की लागायचं, नेट नको काही नको. मग स्मार्टफोनमधून ते गायब व्हायला लागलं. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कंपन्यांना सांगितलं की एफएम चालू ठेवा, अशा वेळी उपयोगी पडतं, तरी माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी फोनमध्ये ते नसतंच. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा भूकंप झाला, नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली, तिकडं डोंगरात गावोगावची छोटी कम्युनिटी रेडिओ स्टेशनं होती, काहींनी इमारत पडल्यावर तंबूतून चालू केलं आणि आपल्या बोलीत सांगत राहिले. तिकडं अफवा गोळा करून त्याची खरी माहिती छापून परत रेडिओवाल्यांना द्यायचंही काम झालं, म्हणजे लोक काय बोलतायत ते आधी ऐकायचं मग उत्तर द्यायचं, आईच्या वहीसारखंच की. त्याच वेळी आपल्याकडं बिहार यूपीमध्ये चंद्र उलटा दिसतोय म्हणून मेसेज फिरत होते. आणि २०२३ मध्ये तुर्कस्तानात तर ६ फेब्रुवारीला एवढा भयंकर भूकंप झाला, लोक ढिगाऱ्याखालून ट्विटरवर आपला पत्ता टाकायलेत, आणि ८ तारखेला तिथल्या सरकारनं ट्विटरच अडवलं काही तास. आपल्याकडंही काही झालं की नेट बंद करायची सवय लागलीय म्हणून मुद्दाम लिहिलं.

मग करायचं काय, असं तुम्ही विचाराल. मला फार मोठं काही सुचत नाही. ग्रामपंचायतीसमोर एक फळा आणि रोज ठरलेली एक वेळ, समजा संध्याकाळी पाच, त्या वेळेला एक माणूस तिथं येणारच, नवीन काही नसलं तरी येऊन नवीन काही नाही असं सांगणार. तो माणूस आधीच ठरलेला हवा, भूकंप झाल्यावर शोधायचा नाही, आणि माझं मत विचाराल तर ती बाईच असावी. आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, पण त्यांच्या डोक्यावर आधीच किती कामं टाकलीत ते बघा, वेगळं मानधन द्या. तिच्याकडं वही हवी आणि वहीतले प्रश्न तालुक्याला जाऊन उत्तर घेऊन परत यायला हवेत, नाहीतर ती फक्त भोंगा होईल. फोन चार्ज करायची सोय पहिल्या दिवशी हवी, हसू नका, माझ्या दुकानात वीज दोन दिवस गेली की लोक काय करतात ते मी बघतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून चार्जिंग होतं, एक इन्व्हर्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड लागतो. जखमींच्या यादीत माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही गावं, आणि ती यादी वाचून दाखवायची. मेलेल्यांची नोंदही तशीच, कारण नाव नसलं की पुढं दाखला नाही, दाखला नसला की वारस नाही, आत्याला मामांच्या दाखल्यासाठी किती फेऱ्या झाल्या ते लिहायला बसलो तर दुसरं पत्र होईल.

आणि धक्क्यानंतर पहिल्या तासात कलेक्टर ऑफिसनं एवढं तरी सांगावं, धक्का कुठं होता, केवढा होता, पुढं छोटे छोटे बसू शकतात आणि ते दिवसामागं कमी होत जातात, पुढचा कधी ते कोणीही सांगू शकत नाही त्यामुळं वेळ सांगणारा मेसेज खोटा समजा, घराला तडा असेल तर आत झोपू नका, अमुक नंबरवर कळवा. माहिती नाही असं म्हटलं तरी चालेल, साहेब लोकांना ते म्हणायला फार जड जातं. त्या दुपारी माझ्या बहिणीला एवढे चार शब्द मिळाले असते तर नासाच्या मेसेजला तिनं भीक घातली नसती.

तुमच्या पेपरलाही एक विनंती आहे, रागावू नका. धक्का बसला की पहिल्या पानावर "भूकंपानं मराठवाडा हादरला, नागरिक भयभीत" एवढं देऊन थांबू नका. त्याच्या खाली एक चौकट टाका, घरात जावं का, कुणाला विचारावं, तडा बघायला कोण येणार, आणि लोकांचे प्रश्न मागवा, दुसऱ्या दिवशी उत्तर छापा. पेपर अजूनही आमच्याकडं चहाच्या टपरीवर एक माणूस वाचतो आणि दहा जण ऐकतात.

आईची वही बघायला यायचं असेल तर तुमच्या वार्ताहराला पाठवा, दुकान सोमवारी बंद असतं, बाकी कधीही. झेरॉक्स देतो. मूळ वही मिळणार नाही, आई कोणाच्या हातात देत नाही, मलासुद्धा समोर बसवूनच वाचू देते.

आपला एक वाचक,
ता. उमरगा, जि. धाराशिव
(नाव छापू नका, आत्याला विचारलेलं नाही)